पट फिरवून पाहू या

शाळेच्या स्मरणिकेत बुद्धिबळावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. स्मरणिका म्हटली की आठवणी, ऋणनिर्देश आणि संस्थेच्या वाटचालीचा आढावा. त्यात एका खेळातल्या पहिल्या दहा चालींची चर्चा कुठून आली? आमचे उत्तर असे की, ही चर्चा वरवर बुद्धिबळाची असली तरी मुळात शिकण्याची आहे. निवासी शाळेतले मूल आज काय पाहते, त्यातले किती त्याच्या अंगी लागते आणि या दोहोंच्या मध्ये आपण मोठी माणसे कुठे उभी असतो, हे तपासण्यासाठी बुद्धिबळाचा पट फार सोयीचा आहे. या खेळात समजले की नाही हे झाकता येत नाही. घड्याळ चालू असते, समोर कोणीतरी बसलेले असते आणि चाल आपली आपल्यालाच करावी लागते.

आम्ही म्हणजे या शाळेचे काही माजी विद्यार्थी आणि सध्याचे दोन-तीन शिक्षक. जमेल त्या रविवारी आम्ही वसतिगृहातल्या मुलामुलींबरोबर पट मांडून बसतो. गेल्या काही वर्षांत आम्हांला एक बदल स्पष्ट जाणवू लागला आहे. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीहून परतणारे मूल पूर्वी घरचा फराळ घेऊन येत असे; आता त्यासोबत एखादे नवे ‘ओपनिंग’ घेऊन येते. ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीची ठरावीक रचना. इटालियन, लंडन, सिसिलियन, कॅरो-कान ही नावे सहावी-सातवीतली मुले सहज घेतात. कुठे शिकलास, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच असते : “मोबाइलवर. छोट्या व्हिडिओत.”

हे कसे घडले, ते आपण सर्वांनीच पाहिले आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने मोबाइल मुलांच्या हाती गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये ‘द क्वीन्स गँबिट’ ही मालिका आली आणि बुद्धिबळाकडे जगभर नवे लक्ष वळले. मिनिटाभराचा व्हिडिओ आणि बुद्धिबळाचा सापळा यांची जोडी तेव्हापासून जमली ती जमलीच. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता झाला, जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली. विदर्भातल्या मुलीने मिळवलेला तो मान पाहून गावोगावच्या मुलांना पट मांडावासा वाटला असेल, तर ती आनंदाचीच गोष्ट आहे.

म्हणून या व्हिडिओंवर टीका करण्यापूर्वी त्यांचे देणे मान्य केले पाहिजे. ओपनिंगचे ज्ञान हे बुद्धिबळातले सर्वांत महागडे ज्ञान होते. ते इंग्रजी ग्रंथांत होते, परदेशी नियतकालिकांत होते आणि ज्यांच्याकडे ते पोहोचत असे अशा मोजक्या शहरांतल्या मोजक्या मंडळांत होते. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने भाऊसाहेब पडसलगीकरांच्या ध्यासामुळे महाराष्ट्रात या खेळाची परंपरा उभी केली; मुंबई-पुण्यातही जाणकार खेळाडू होते. परंतु ज्या वाडी-वस्तीवरून आपल्या शाळेत मुले येतात, तिथल्या मुलाला यांपैकी काहीच ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. गावात खेळला जाणारा डाव बहुतेक देशी पद्धतीचा, प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकवण्याचा. तालुक्याच्या स्पर्धेत आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळायची वेळ आली की तो मुलगा पहिल्या पाच चालींतच गोंधळत असे.

या अडचणीची मोठी साक्ष मीर सुलतान खान यांच्या आयुष्यात सापडते. पंजाबातल्या खेड्यातला हा माणूस देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकला आणि १९२९ मध्ये आपल्या धन्याबरोबर इंग्लंडला गेला. त्याच वर्षी तो ब्रिटनचा अजिंक्यवीर झाला. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही ते पद त्याने जिंकले. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवले. त्याच्या खेळाचे जाणकार एक गोष्ट नेहमी नोंदवतात : डावाच्या सुरुवातीचे पुस्तकी ज्ञान त्याच्याकडे फार तोकडे होते. पहिल्या पंधरा चालींत तो अनेकदा अडचणीत सापडे आणि पुढचा सगळा डाव त्या अडचणीतून वर येण्यात खर्ची पडे. एवढी बुद्धी असलेल्या माणसाला सुरुवातीचे धडे वेळेवर मिळाले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर पद दिले ते २०२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

आज तेच धडे विनामूल्य, कोणाचीही परवानगी न घेता, कोणाच्याही दारात उभे न राहता मिळतात. ज्यांच्या मागच्या पिढ्यांना ज्ञानाच्या दाराबाहेर थांबावे लागले, त्या आपल्या समाजाला याची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा उघडलेले दार पुन्हा लावून घ्या, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे दारातून आत आल्यावर काय होते याविषयी आहे.

एक उदाहरण घेऊ. छोट्या व्हिडिओंमध्ये अतिशय लोकप्रिय असलेला एक सापळा म्हणजे एंग्लंड गँबिट. पांढरा वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकतो. काळा लगेच राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवून ते फुकट देऊ करतो. पांढरा प्यादे घेतो. काळा एक घोडा बाहेर काढतो, पांढराही काढतो. मग काळ्याचा वजीर राजापुढच्या घरात, ई७ वर, येतो. पांढरा आपल्या प्याद्याच्या रक्षणासाठी उंट एफ४ वर आणतो. आता काळ्याचा वजीर बी४ वर उडी घेऊन शह देतो, पांढऱ्याचा उंट डी२ वर मागे येतो आणि वजीर बी२ वरचे प्यादे खातो. इथे पांढऱ्याला वाटते की उंट सी३ वर ठेवला की वजिरावर हल्ला होईल. ती चाल केली की काळा आपला उंट बी४ वर आणतो. त्यानंतर पांढरा वजीर मध्ये घालून उंटांची अदलाबदल करू लागला, तर आठव्या चालीला काळ्याचा वजीर सी१ वर उतरतो आणि मात होते. चित्रफीत संपते. खाली अंगठे उमटतात.

मुलाला हे पाहून जो आनंद होतो तो खरा असतो. वसतिगृहात तो हाच सापळा चार-पाच सोबत्यांवर लावतो आणि जिंकतो. मग स्पर्धेत एखादा सराव असलेला मुलगा समोर येतो. तो सहाव्या चालीला उंट सी३ वर न नेता त्याच घरात घोडा आणतो. एवढेच. एका साध्या, नैसर्गिक चालीने सगळा सापळा मोडतो. काळ्याचा वजीर पांढऱ्याच्या गोटात एकटा अडकतो, त्याच्या मागे धावत पांढऱ्याची एक-एक मोहरी बाहेर येते आणि काळ्याचे प्यादे देऊन मांडलेले गणित उलटते. आपला मुलगा पटाकडे पाहत बसतो. त्याच्याकडे पुढची चाल नसते, कारण व्हिडिओत पुढची चाल नव्हती.

इथे दोष मुलाच्या बुद्धीचा नाही, त्याच्या मेहनतीचाही नाही. त्याला जे दाखवले गेले त्यात एक मोठी गोष्ट गाळलेली होती : समोरचा माणूस. छोट्या व्हिडिओतला प्रतिस्पर्धी नेहमी हवी तीच चूक करतो. तो विचार करत नाही, शंका घेत नाही, थांबत नाही. साठ सेकंदांत मात दाखवायची तर त्याला तसे वागावेच लागते. तो थांबून विचार करू लागला तर व्हिडिओ लांबेल आणि पाहणारा बोट वर सरकवून निघून जाईल. हा दोष व्हिडिओ करणाऱ्या अमुक एका माणसाचा नाही, त्या मापाचाच आहे. जे मिनिटात मावते ते सापळा, आणि जे मावत नाही ते कारण. पाहणाऱ्यापर्यंत मग सापळाच पोहोचतो.

शिवाय केवळ चाली पाठ करून बुद्धिबळ कवेत येण्यासारखे नाही, हे अंकगणितच सांगते. डावाच्या आरंभी पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी २० पर्याय असतात. काळ्यालाही २०. म्हणजे दोघांची एक-एक चाल होताच ४०० वेगवेगळ्या स्थिती संभवतात. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की चालींचे संभाव्य क्रम १,९७,२८१ होतात. हजार व्हिडिओ पाठ केले तरी समोरचा मुलगा लवकरच आपल्याला अनोळखी वाटेवर नेणार, हे ठरलेले आहे. अनोळखी वाटेवर पाठांतर कामाला येत नाही. तिथे केंद्रावर कोणाचा ताबा आहे, कोणाची मोहरी बाहेर आली आहेत, कोणाचा राजा किल्लेकोट करून सुरक्षित झाला आहे, हे प्रश्नच वाट दाखवतात.

याला एक सरळ आक्षेप आहे आणि तो आमच्यातल्याच काहींनी घेतला. ग्रँडमास्टर तरी काय करतात? तेही संगणकापुढे बसून वीस-वीस चाली पाठ करतातच की! मग मुलांनी पाठ केले तर बिघडले कुठे? आक्षेपात तथ्य आहे. पाठांतर हे काही पाप नव्हे. पाढे पाठ असलेल्या मुलाचे गणित सोपे होते, हे आपल्या गुरुजींनी आपल्याला शिकवले आणि ते खरेच आहे. पण पाढे म्हणजे गणित नव्हे, हेही त्यांनीच शिकवले. ग्रँडमास्टरचे पाठांतर हजारो डावांतून आलेल्या समजुतीवर उभे असते. प्रतिस्पर्ध्याने वाट बदलली की नव्या वाटेवर काय शोधायचे हे त्याला ठाऊक असते. आपल्या मुलाजवळ अजून ती जमीनच तयार नसते आणि तिच्यावर आपण दुसरा मजला चढवू पाहतो.

सर्वोच्च पातळीवरसुद्धा डाव कुठे ठरतो ते पाहा. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातला चौदावा, शेवटचा डाव झाला. दोघांचे गुण समान होते. दोघांनी ओपनिंगची तयारी किती केली असेल याची आपल्याला कल्पनाच करावी लागेल. जगज्जेतेपद मात्र ठरले ते पंचावन्नाव्या चालीला. डिंगने आपला हत्ती एफ२ वर नेला. गुकेशने हत्ती मारामारीत काढले, मग उंटही काढले, आणि पटावर उरले दोन राजे आणि प्यादी, त्यात गुकेशचे एक प्यादे जास्त. राजा आणि प्याद्यांचा हा शेवट जिंकता येतो हे अचूक ओळखणे, एवढ्यावर अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. हा धडा बुद्धिबळाच्या प्राथमिक पुस्तकातला आहे. कॅपाब्लांकाने १९२१ साली लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकाची सुरुवातच साध्या मातींपासून आणि प्याद्याचा वजीर कसा करावा इथपासून केली आहे. ज्याला शेवट कळला त्याला आरंभीच्या चालींचा हेतू कळतो, हा त्यामागचा विचार. आपल्या मुलांपर्यंत मात्र हा क्रम उलटा पोहोचतो आहे, आणि तोही अर्धाच.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे, आणि तो विरुद्ध दिशेने येतो. बुद्धिबळ असो की आणखी काही, मोबाइल तो मोबाइलच. मुलांच्या हातून तो काढूनच घ्या, असे अनेक आई-वडील आम्हांला सांगतात. त्यांची काळजी आम्ही हलकी मानत नाही. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. तिसरा बुद्धिबळाचा असेलच असे नाही. शिवाय ‘पोरगं मोबाइलवर बुद्धिबळ शिकतंय’ या समाधानात आपणही कधी कधी स्वतःची फसवणूक करतो. पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. पोहण्याचे शंभर व्हिडिओ पाहिले तरी विहिरीत उतरल्याशिवाय पोहता येत नाही.

पण पडदा हाच शत्रू आहे, असेही आम्हांला वाटत नाही. विश्वनाथन आनंद यांच्या बालपणाची एक गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. वडिलांच्या नोकरीमुळे त्यांचे कुटुंब काही काळ फिलिपिन्समध्ये मनिला येथे होते. तिथल्या दूरदर्शनवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे आणि त्यात एक कोडे दिले जाई. त्या वेळी आनंद शाळेत असत. त्यांची आई सुशीला ते डाव आणि कोडे कागदावर उतरवून ठेवत. संध्याकाळी मुलगा घरी आला की दोघे मिळून ते सोडवत आणि उत्तर पाठवत. योग्य उत्तराला पुस्तक बक्षीस असे. आनंद यांनी इतकी बक्षिसे मिळवली की अखेर कार्यक्रमवाल्यांनीच त्यांना सांगितले, हवी तेवढी पुस्तके घेऊन जा, पण आता उत्तरे पाठवू नका. हाच मुलगा पुढे १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला आणि नंतर जगज्जेता.

या गोष्टीत पडदा आहे, छोटा कार्यक्रम आहे, बक्षिसाचे आमिषही आहे. तरी फरक कुठे पडला? पडदा आणि मुलगा यांच्या मध्ये कागद घेऊन बसलेली आई होती. कोडे दुपारी आले आणि संध्याकाळी सुटले; मधल्या वेळेत त्याचे उत्तर कोणी आयते दाखवले नाही. आणि शेवटी दोघांच्या मध्ये एक पट मांडलेला होता. आमच्या मते मुलांना आज नेमक्या या तीन गोष्टी हव्या आहेत : लिहून ठेवणे, थांबणे आणि सोबत बसणारे कोणीतरी. निवासी शाळेत आई नसते. म्हणून तिथे बसण्याची जबाबदारी आपली होते.

या विचारातून आम्ही एक साधी रीत ठरवली आहे. नवा सापळा घेऊन येणाऱ्या मुलाला आम्ही तो मोडीत काढून दाखवत नाही. आधी तो खेळू देतो. ज्या मुलाने घरी-दारी बरीच हार पाहिलेली असते, त्याच्यासाठी पहिला विजय, मग तो सापळ्यातून का आलेला असेना, मोलाचा असतो. त्यानंतर आम्ही एकच गोष्ट सांगतो : “आता पट फिरव.” म्हणजे ज्याच्यावर सापळा लावला त्याच्या बाजूने बस. तू पांढरा आहेस. वजिराने तुझे प्यादे खाल्ले आहे. आता तू काय करशील? पहिल्यांदा बहुतेक मुले तीच चुकीची चाल करतात. मग दुसरी शोधतात. कोणीतरी घोडा सी३ वर ठेवते आणि एकदम ओरडते. त्या क्षणी सापळा मोडलेला असतो आणि तो आम्ही मोडलेला नसतो.

पट फिरवण्याच्या या सवयीचे फळ केवळ सापळ्यापुरते राहत नाही. इटालियन सुरुवातीत पांढऱ्याचा उंट सी४ वर का येतो, हे काळ्याच्या बाजूने बसल्यावर नीट कळते. तिथून तो एफ७ या घराकडे पाहतो आणि डावाच्या आरंभी त्या घराचे रक्षण एकटा राजा करत असतो. हे ज्याने काळ्याच्या खुर्चीत बसून अनुभवले, त्याला ‘उंट सी४’ पाठ करावे लागत नाही. तो ते विसरू शकत नाही. दुसऱ्याच्या जागी बसून विचार करणे ही गोष्ट आपण मुलांना प्रार्थनेच्या वेळी सांगतो, पुस्तकातून शिकवतो. पटावर ती त्यांना स्वतःच्या हिताची म्हणून कळते.

बाकीची रीतही कठीण नाही. वर्षभरासाठी पांढऱ्या मोहऱ्यांची एक आणि काळ्या मोहऱ्यांच्या दोन सुरुवाती एवढेच ठरवावे. आठवड्यातून एकदा संगणक कक्षातल्या मोठ्या पडद्यावर एकच व्हिडिओ लावावा. प्रत्येक चालीपूर्वी तो थांबवावा आणि प्रत्येकाने आपली चाल वहीत लिहावी. व्हिडिओ पुढे सरकला की ‘असे का?’ आणि ‘त्याने असे केले नाही तर?’ हे दोन प्रश्न विचारावेत. मग मोबाइल-संगणक बंद करून त्याच सुरुवातीचे डाव लाकडी पटावर खेळावेत आणि कितव्या चालीला आपण ओळखीच्या वाटेवरून बाहेर पडलो तेवढे नोंदवावे. संगणकावर सराव करायचाच तर लिचेससारखे संकेतस्थळ आहे, जे पूर्णपणे विनामूल्य आहे आणि ज्यावर जाहिराती नाहीत. आणि महिन्यातला एक रविवार केवळ डावाच्या शेवटासाठी राखावा : राजा आणि एक प्यादे विरुद्ध एकटा राजा. दोन राजे एका घराच्या अंतराने समोरासमोर उभे असले की ज्याची चाल त्याला हटावे लागते, एवढे मुलाला उमजले तरी पुष्कळ झाले.

सामुदायिक पडद्याचा आग्रह आम्ही आणखी एका कारणासाठी धरतो. घरात मोबाइल एकच असतो आणि सुट्टीत तो आधी मुलाच्या हातात जातो. मुलगी भांडी, पाणी, धाकटे भावंड यांतून मोकळी होईपर्यंत फोनची बॅटरी उतरलेली असते किंवा दिवसाचा डेटा संपलेला असतो. म्हणून सुट्टीहून येताना नवी ओपनिंग बहुतेक मुलगेच आणतात. घरच्या पडद्याने ही विषमता वाढते. शाळेतला एक तास ती कमी करू शकतो. महाराष्ट्रातल्या मुलींनी हा खेळ किती पुढे नेला हे विसरता कामा नये. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी तिघींनीही राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळवले. रोहिणीने १९७६ मध्ये अवघ्या तेराव्या वर्षी ते जिंकले आणि त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय दिला. त्या भांडणाचे फळ आपल्या मुलींच्या वाट्याला पुरेपूर यायचे असेल, तर पटासमोरची निम्म्या खुर्च्यांची जागा त्यांची आहे हे आपल्याला ठरवूनच करावे लागेल. आपोआप ते होणार नाही.

आता माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना आणि पालकांना आमची विनंती. शाळेला काही द्यावे असे मनात आले की हल्ली टॅबलेट आणि मोबाइल यांची नावे प्रथम पुढे येतात. तो सद्भाव आम्ही जाणतो. पण व्हिडिओंची आज टंचाई नाही. टंचाई आहे ती व्हिडिओ थांबवून ‘असे का?’ विचारणाऱ्या माणसाची. चांगले लाकडी पट, दोन-चार बुद्धिबळाची घड्याळे आणि चाली लिहिण्याच्या वह्या एवढे साहित्य पुरेसे आहे. त्याहून मोठे दान म्हणजे वर्षातून दोन रविवार. त्यासाठी तुम्ही उत्तम खेळाडू असण्याची गरज नाही. आनंद यांच्या आईप्रमाणे कागदावर उतरवून ठेवता आले आणि मुलाबरोबर बसता आले की झाले. ज्यांना खेळ अजिबात येत नाही त्यांनी तर अवश्य यावे. मुलांना आपल्या मोठ्यांना शिकवायला मिळाले की त्यांचे स्वतःचे शिकणे दुणावते.

पालकांनी सुट्टीत एवढे करावे : मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर बुद्धिबळ पाहताना दिसली की रागावू नये आणि समाधानही मानू नये. जवळ बसावे आणि म्हणावे, “मला दाखव बरं पटावर.” पट नसेल तर पुठ्ठ्यावर चौसष्ट घरे आखावीत, बाटल्यांची झाकणे मोहरी म्हणून मांडावीत. आणि बहिणीला दुसऱ्या बाजूला बसवावे.

ओपनिंग कोणतेही असो, दहाव्या-बाराव्या चालीला ते संपते. त्यानंतरचा डाव कोणत्याही व्हिडिओत नसतो, कारण तो अजून कोणी खेळलेला नसतो. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचे पुढचे आयुष्य बव्हंशी तसेच असणार आहे : आधी कोणी न दाखवलेल्या चालींचे. त्या चाली आपण त्यांना शिकवू शकत नाही. चाल सुचेपर्यंत शांतपणे पटाकडे पाहत बसण्याची सवय मात्र आपण लावू शकतो, आणि ती लावण्यासाठी एक पट, एक वही आणि समोर बसायला तयार असलेला एक माणूस लागतो. पहिल्या दोन गोष्टींची सोय शाळा करील. तिसरी तुमच्याकडे मागण्यासाठी हा लेख.